सुटलेल्याला वाट

बसा, बसा, पुढं सरका. मागच्यांना जागा करून द्या. हां! आजचं कीर्तन इथूनच सुरू झालं म्हणा, जागा करून देण्यापासून.

एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच द्यायचं नाही. माझ्या हातून चूक झाली, त्या चुकीनं दुसरा माणूस पडला. इथवर सोपं आहे. पण तो पडला म्हणून माझं भलं झालं! ज्या जागेसाठी मी सहा वर्षं देवाला नवस बोलत होतो, ती जागा त्याच्या पडण्यामुळं माझ्याकडं चालत आली. आता सांगा, ती घ्यायची की नाही?

ते पाहा, खांबापाशी एकानं मान हलवली, "घ्यायची." खरं बोललात दादा! देवळात बसून खरं बोलायला छाती लागते. बाकीचे नुसते पायाकडं बघतायत.

तर आख्यान असं. एक सूतगिरणी होती. तिथून पाच मैलांवर एक गाव. त्या गावात जोतिराम शेडगे नावाचा तरणा गडी राहत होता. गाव त्याला जोत्या म्हणायचं. हा गिरणीत बदली कामगार. बदली म्हणजे काय? कायम कामगार आला नाही, तर त्या दिवसापुरतं त्याच्या जागी उभं राहायचं. कुणी गैरहजर असेल तर तुझी हजेरी लागली, नाहीतर जा घरी! गिरणीचा नियम होता, एका वर्षात दोनशेचाळीस हजेऱ्या भरल्या की माणूस कायम. एक कमी पडली तरी एक जानेवारीला पाटी पुन्हा कोरी.

जोत्याची पाटी पाच वेळा कोरी झाली होती. मागल्या वर्षी कितीवर अडला? दोनशेसदतीस! त्याची बायको सुशीला भिंतीवर कोळशानं हजेरीच्या रेघा मारायची. एकतीस डिसेंबरला तिनंच त्या ओल्या फडक्यानं पुसल्या. बोलली एक शब्द नाही. मंडळी, बायको बोलली तर सोसतं हो, न बोलणं सोसत नाही! ...हसले, हसले, सगळे लग्न झालेले हसले.

आता हजेरी कुणाला मिळायची? दारात जो आधी पोचेल त्याला. टाइमकीपर हेर्लेकर साहेब बरोबर पावणेसातला फाटकात यायचे. भिंतीला सायकली ज्या क्रमानं लागल्या, त्या क्रमानं नावं पुकारायचे. माणसाची रांगच नव्हती तिथं, सायकलींची रांग! पाच जागा रिकाम्या असल्या तर पहिल्या पाच सायकलींचे मालक आत. सहावा? सहाव्यानं टोपी झटकायची आणि मागं फिरायचं.

मग गावातून बारा बदली कामगार रोज सकाळी कसे निघत असतील? अहो, सुटत असतील! घंटी नाही, हात दाखवणं नाही, वळणावर थांबणं नाही. बाजारपेठेतून बारा सायकली गेल्या की भाजीवाल्या टोपल्या छातीशी धरायच्या. "आली रं आली, बदलीची वरात आली!" आणि सगळ्यांच्या पुढं कोण? जोत्या! त्यानं मडगार्ड काढून टाकलं होतं. का? तर वजन कमी! स्टँड काढलं. कॅरियर काढलं. उद्या स्वतःची हाडं काढली असती, आणखी हलका झाला असता.

वाटेत एक उतार होता. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला ओघळ, आणि मध्ये एक सायकल आणि एक माणूस मावेल एवढीच वाट. गावाकडून जाताना उतार, गिरणीकडून येताना चढ. रात्रपाळी साडेसहाला सुटायची. ते कामगार याच चढानं वर यायचे, बदलीवाले याच वेळेला खाली निघालेले. म्हणून जुन्या लोकांनी एक रिवाज घातला होता, 'सुटलेल्याला वाट'. आठ तास उभं राहून जो सुटलाय, त्यानं चढून जायचं. उतरणाऱ्यानं खाली उतरायचं, सायकल दरडीला लावायची, म्हणायचं, "या मामा." तो गेला की मग आपण जायचं.

कायदा नव्हता, पाटी नव्हती. पण किती शहाणपण आहे बघा त्यात! चढणारा थांबला तर त्याला परत सगळा जोर लावावा लागतो. उतरणाऱ्याला काय, ब्रेक सोडला की निघाला. ज्याला थांबणं स्वस्त, त्यानं थांबावं!

आणि वेगाचं गणित ऐका. लोक म्हणतात, दुप्पट जोरात गेलो तर थांबायला दुप्पट वाट लागेल. चूक! चौपट लागते. तिप्पट वेग, नऊपट वाट. हे मी सांगत नाही, सृष्टी सांगते. तिच्यापुढं वशिला चालत नाही! ...तबलजी, तुम्ही काय लय वाढवताय? हळू! आख्यान उतारावर आलंय.

दहा डिसेंबरचा दिवस. दव पडून रिम ओलं. जोत्याच्या हजेऱ्या झालेल्या दोनशेसव्वीस. चौदा हव्यात. वर्ष संपायला हातात एकोणीस दिवस कामाचे. उताराच्या तोंडाशी तो सगळ्यांच्या पुढं. खाली बघतो तर नरसूमामा मगदूम! साठीला आलेला माणूस, रिंग मशीनवर रात्र काढून, सायकल ढकलत, एक एक पाऊल वर येतोय. जोत्यानं हिशेब केला, दोन हात जागा आहे, निघून जाईन. ओरडला, "मामाऽऽ बाजूला!"

बाजूला कुठं? ओघळीत? त्यानं ब्रेक दाबला. ओल्या रिमवर रबर नुसतं घसरलं. हँडलला हँडल लागलं, खाड्! मामा सायकलीसकट ओघळीत. जोत्या डगमगला, सावरला, मागं वळून बघितलं. मामा उठायला बघतायत, एक हात उचलत नाही.

पाय टेकला का त्यानं? नाही! ओरडला, "मागनं पोरं येत्यात मामा, उचलतील!" आणि गेला!

पहिली सायकल भिंतीला लागली. पहिलं नाव पुकारलं, "जोतिराम शेडगे." आत! दोनशेसत्तावीस.

आता सांगा, देवानं लगेच शिक्षा केली? टायर फुटला? मशीनमध्ये बोट गेलं? काही नाही! दिवस झकास गेला. दुपारी तीनला पाळी सुटली, तर हेर्लेकर साहेब स्वतः हाक मारतात.

"शेडगे, इकडं ये. नरसू मगदूमचा हात मोडलाय. सहा आठवडे प्लास्टर. उद्यापासून त्याचं मशीन तुझ्याकडं, रोज. रांगेत उभं राहायला नको. पेढे आण!"

रोज! अठरा दिवस राहिले होते, अठरा हजेऱ्या. दोनशेपंचेचाळीस! कायम!

खोटं सांगत नाही मंडळी, जोत्याला आनंद झाला. छाती भरून आनंद झाला. आणि त्याच छातीत काहीतरी टोचलं. विचारलं, "साहेब, मामा कसे पडले म्हणतात?"

"दगडावरून सायकल घसरली म्हणतो."

जोत्या घरी गेला नाही. सरळ मामांच्या दारात. मामा खाटेवर, हात गळ्यात बांधलेला. भागामामी चुलीपाशी. जोत्या उंबऱ्यातच उभा राहिला.

"मामा, तुमी मला बघितलंसा न्हवं?"

"बघितलं की. डोळं काय मोडल्यात व्हय?"

"मग दगड का म्हणालासा?"

"अरं, तुझ्या हजेऱ्या अख्ख्या गावाला पाठ हायत. तुझं नाव सांगितलं असतं तर हेर्लेकरानं यादीतनं काढलं असतं. पोराचं वरीस कशाला घालवू? हाड काय, जुळंल."

जोत्याचे डोळे भरले. वाटलं, सुटलो. पण भागामामी उठली. बायका इतक्या स्वस्तात सोडत नाहीत!

"ह्ये म्हणत्यात दगड," ती म्हणाली. "दगुड हुतास तर बरं झालं असतं रं जोतिराम. आपटून तितंच पडला तरी असतास ह्यांच्याजवळ. तू थांबलापण न्हाईस!"

बघा हं! धडकलास म्हणाली नाही, जोरात आलास म्हणाली नाही. म्हणाली, थांबला नाहीस. धडक एका क्षणात होते, ती हातातून निसटू शकते. पण न थांबणं? ते पायडल मारून मारून करावं लागतं. प्रत्येक पायडलला माणूस ठरवत असतो, नाही थांबत, नाही थांबत, नाही थांबत!

त्या घरून जोत्या निघाला तो ठरवूनच. सकाळी टाइमकीपरसमोर उभा राहिला.

"साहेब, मामांना मी पाडलं. ते मशीन मला नको."

हेर्लेकर साहेबांनी चष्मा काढला. "डोकं फिरलंय? तो तक्रार करत नाही, कुणी विचारत नाही!"

"मामीनं विचारलंय साहेब."

"नियम माहीत आहे? कामगाराला इजा केली तर आठ दिवस नाव बंद. पुढं सायकल कितीही आधी लागली तरी नाव सगळ्यांच्या तळाला."

"म्हाईत हाय."

"आणि दोनशेचाळीस?"

जोत्यानं यादीतल्या आपल्या नावावर बोट ठेवलं. साहेबांनी नाव काढलं. मशीन दुसऱ्याला गेलं, दिलावर मुल्ला नावाच्या बदलीवाल्याला. फाटकात हशा पिकला, "काय धर्मात्मा, घरी भजन करा आता!" सुशीलेनं ऐकलं तेव्हा ती रात्रभर बोलली नाही. सकाळी मात्र भाकरी नेहमीच्या वेळेला थापली. म्हणाली, "काम न्हाई म्हणून काय झोपून ऱ्हाणार हाईसा? जावा तिकडं. त्या उतारावर उद्या आणखी कुणीतरी पडंल."

गेला! काम नसताना रोज सहाला जाऊन उताराच्या तोंडाशी सायकल आडवी लावायची आणि उभं राहायचं. "उतरा! सुटलेले वर येत्यात!" बदलीवाले भडकले. रंगा चौगुले अंगावर धावून आला. "तुझं काम गेलं म्हणून आमचं घालवतूस? चार मिनिटं इथं थांबलो आणि मागनं दुसरा पुढं गेला, तर माझी हजेरी तू देणार?"

जोत्यानं रात्रभर ह्याचा विचार केला. आणि त्याला कळलं, रंगा खरं बोलतोय! रोग उतारावर नाहीच. रोग फाटकात आहे. जोवर आधी पोचणाऱ्याला भाकरी आहे, तोवर प्रत्येक जण उडणार. मी नुसता हात आडवा करून काय होणार?

दुसऱ्या दिवशी त्यानं रंगाला धरलं. "ऐक. रांग सायकलीची नको, नावाची करू. आज ज्यांना काम मिळालं ती नावं उद्या तळाला, न्हाई मिळालं ती वर. कोण कधी पोचला बघायचंच न्हाई. पावणेसातच्या आत आला म्हणजे झालं."

"आणि तुझं नाव कुठं?"

"तळाला. तसं बी साहेबांनी तितंच टाकलंय."

पहिल्या दिवशी रंगा एकटा कबूल झाला. तिसऱ्या दिवशी चौघं. दोघं म्हणाले, आम्ही जोरात मारतो, आमचं नुकसान. जोत्या त्यांच्या घरी गेला. एकदा नाही, पाच वेळा! एकानं कुत्रं सोडलं. हा कुत्र्याला भाकरी घालून पुन्हा दारात! विसाव्या तारखेला बाराही जण हेर्लेकर साहेबांपुढं यादी घेऊन उभे. साहेबांनी वाचली, दोनदा वाचली. "मला काय, माझं काम सोपं झालं," म्हणाले आणि सही केली.

त्यानंतर त्या उतारावर सगळे उतरायला लागले. कारण घाईच उरली नाही!

आता तुम्हाला वाटत असेल, देव धावला, एकतीस डिसेंबरला चमत्कार झाला, जोत्या कायम झाला! नाही मंडळी. वर्ष संपलं तेव्हा हजेऱ्या किती? दोनशेएकतीस. सुशीलेनं फडकं ओलं केलं, भिंत पुसली. पण या वेळेला बोलली. म्हणाली, "चला, उद्या पहिली रेघ." कायम व्हायला त्याला आणखी दोन वर्षं लागली. चूक कबूल केली की बक्षीस मिळतं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. कबुलीची किंमत पडते. त्यानं ती मोजली, आणि मोजून पुन्हा सायकलवर बसला.

थांबला जो वाटे । दुसऱ्याच्या साठी ।
तयाचिया पाठी । देव उभा ॥

आता तुमच्याकडं वळतो. खांबापाशी मघाशी खरं बोललेले दादा, तुम्हालाच नाही, सगळ्यांना. येताना मी बाहेर बघितलं. देवळाच्या दाराला लागून सायकली अशा लावल्यात की आत येणाऱ्या म्हाताऱ्यांना अंग चोरून यावं लागलं. उलट्या बाजूनं किती जण आलात? शाळेसमोर घंटी न वाजवता किती जण निघून गेलात? हात वर करू नका. मला कशाला दाखवता! कुणाला धक्का लागला, आणि तुम्ही "काय झालं नाही ना?" एवढंच पायडल मारत विचारलंत, तो चेहरा आठवा. गावातलाच असेल. उद्या त्याच्या दारात जा. पेढे नेऊ नका, खरं न्या.

आणि उद्यापर्यंत तरी कशाला थांबायचं? आत्ता आरती होईल, प्रसाद वाटला जाईल, आणि सगळे एकदम त्या एका दाराकडं धावतील. मी आज सगळ्यांत शेवटी बाहेर पडणार आहे. माझ्या मागं उभं राहायला कोण तयार आहे, ते बघू द्या. वाजवा झांज!