वर्ष सरायच्या आत

नाहूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घातले की डोळे मिटून बसायला सांगतात. कानांसाठी तशी सोय अजून निघालेली नाही. शेजारच्या बाकावर दोघी जणी होत्या, त्यांचेही डोळे मिटलेले.

"मालन, तो पूल पडला त्यावर ज्यांनी पिक्चर काढलाय, ती माणसं परत आली होती म्हणे?"

"आली होती. पहिल्या शोचं आमंत्रण देऊन गेली. वर म्हणतात, काकी, छान साडी नेसून या."

"लाज नाय वाटत त्यांना? तुझ्या मिथुनचं वर्षश्राद्ध व्हायचंय अजून! दिवाळीत कंदील लावला नाहीस तू."

"तेच सांगितलं, वर्ष तरी होऊ दे. तर म्हणतात, उशीर केला की लोक विसरतात."

"आपण विसरलो काय?"

"आपण काय गं, आपण थोडीच तिकीट काढणार?"

"तोंडावर फेकायचं ते आमंत्रण."

"फेकणारच होते. मग त्यांनी फोटो दाखवला, मिथुन झालेल्या मुलाचा. आमच्या पोरापेक्षा गोरा आहे. पण दाढी तशीच ठेवलीय, आळशासारखी."

"म्हणजे जाणार तू?"

"मी विचारलं, पूल कधी पडतो? म्हणाले, इंटरव्हलनंतर."

"मग?"

"मग इंटरव्हलपर्यंत बसेन आणि उठून घरी येईन. वेडी म्हण हवं तर."

"कडेच्या सीटा मागून घे. दोन."

"दोन कशाला? तुला पिक्चर बघायचाय?"

"अर्धाच."