‘हॅलो’ला एवढं जपतं कोण?

फोटो स्टुडिओच्या बाकावर तारऑफिसातून निवृत्त झालेले काका पाळीची वाट पाहत बसले होते. शेजारी एक तरुण जोडपं जोडीचा फोटो काढायला आलं होतं. काकांचे कान आपसूक तिकडे वळले.

"आज तरी खरं सांग. लॅबमधून पाठवलेला माझा तो संदेश तुला वाचता आला होता?" त्याने तिला विचारलं.

"छे! चाचणी म्हणून तू इतका गोंगाट मिसळलास, की तुझा तो चुका सुधारणारा कोडच आडवा झाला. पडद्यावर नुसता कचरा."

"म्हणजे लग्नाचं विचारलंय, हे दिसलंच नाही?"

"एक अक्षर नाही."

"मग 'हो' कशाला कळवलंस?"

"एरवी चाचणीला काय पाठवायचास?"

"'हॅलो, हॅलो'."

"आणि वाटेत बिघडलंच तर दुरुस्त करता यावं, म्हणून त्याला जादा आकडे जोडायचास. किती?"

"बेताचेच."

"त्या दिवशी माझा चहा गार झाला, तरी आकडे येतच होते! म्हटलं, 'हॅलो'ला हा गृहस्थ एवढं जपणार नाही."

"आणि तुझा अंदाज चुकला असता तर?"

"तर तू दुरुस्त केला असतास. पगार कशाचा घेतोस?"

"पुढचं कोण?" आतून फोटोग्राफरने विचारलं. पाळी काकांची होती.

"आधी यांना घ्या," काका म्हणाले. "आत्ता चेहरे छान आहेत."