जावयाच्या गाडीतली टिकली

मी मूळचा शिराळ्याचा, गॅरेज टाकलं ते रहिमतपुरात, तवापास्नं हातातला पाना काय सुटला न्हाई. लोकं इचारत्यात, त्या काळ्या ऑइलाची किळस न्हाई का येत? ऑइलाची न्हाई हो, मानसांची येती. काय सांगू तुमाला, मीटरवर दिवा लागला म्हंजे गाडी सांगतीया, मला दुखतंय म्हनून, आन मानसं तिचंच त्वांड दाबत्यात. थू!

आवंदा अधिक म्हयना, म्हनून जावयास्नी धोंडे जेवाय बोलावलं. आमची संगीता खंडाळ्याकडं दिलीया, बागायतदार मानसं, लय मोठं घर. नातवाचं दुपटं काढाय म्या गाडीत वाकलो, तर मीटरवर ही लाल टिकली, बायका कपाळाला लावत्यात ती. नखानं उचकटली, गाडी चालू केली, बाकीचे दिवे इझले, पर टिकलीखालचा पिवळा काय इझंना. एबीएसचा. म्हंजे वल्या रस्त्याव जोरात ब्रेक मारला की चाक जाम व्हऊन गाडी घसरायची. आन ही मानसं खंबाटकीचा घाट उतरून आली व्हती, पावसात, आठ म्हयन्याचं लेकरू घिऊन!

पर बोलनार कुनाला? अधिकात जावई म्हंजे देव, बायकोनं नुकतंच पाय धुतल्यालं त्यांचं. धोंडे खाऊन ते घोराय लागले तवा म्या गुमान जॅक लावला. चाक काढून बघतोय तर काय, दृष्ट लागू ने म्हनून काळी बाहुली बांधल्याली, आन बांधली कुटं, तर एबीएसच्या सेन्सरची केबल ज्या क्लिपात बसती तितंच, बायंडिंगच्या तारंनं! स्टेरिंग फिरवलं की तार घासायची. घासून घासून केबल सोललेली, आतलं तांबं हिरवं पडल्यालं, आन वर कुनीतरी चिकटटेप गुंडाळल्याली. शी! बघूनच डोकं फिरलं. तसाच साताऱ्याला गेलो, केबलीसकट नवा सेन्सर आनला, क्लिपात नीट बसवला, स्टेरिंग ह्या टोकापास्नं त्या टोकापातूर फिरवून बघितलं, कुटं घासत न्हाई ना. मग चक्कर मारली. दिवा गेला.

संगीता मागं हुबी. म्हनली, आबा, त्यास्नी बोलू नगा, टिकली म्या लावलीया. मी म्हनलं, मेकॅनिकची लेक तू, आन तू? तर खाली बघून म्हनली, दिवा दिसला की मी म्हनायची आबांस्नी दाखवूया, की हे खवळायचे, सासऱ्याच्या दारात गाडी लावाय मी काय भिकारी हाय का म्हनायचे. मग दिवाच झाकला, रोजची कटकट नगं म्हनून.

जावई उटले, चहा प्याले, आन पयलं काय इचारलं, तर बाहुली कुटं गेली? दिली हातात. आरशाला बांधा म्हनलं, चाकापाशी नगं. अधिक म्हयना व्हता म्हनून तेवढ्यावर भागलं.

देव त्यांचं भलं करो, सुखानं नांदू द्या. पर लेकीला म्या बजावून सांगितलंय, परत दिवा लागला तर टिकली लावायची न्हाई, लेकरू काखंला मारायचं, गाडीतनं खाली उतरायचं आन बापाला फोन लावायचा. कुनी का खवळंना.