बाटली तिसऱ्या दिवशीच संपली

हसू नका, पण तळोज्याच्या लॅबमध्ये दिवसभर थेंब थेंब मोजणारा मी, घरी पार तोंडावर पडलो. गेल्या महिन्यात आमच्या चार वर्षांच्या रेवाचा कान दुखत होता. डॉक्टरांनी पातळ औषध दिलं. सकाळ-संध्याकाळ पाच एमएल, पाच दिवस. बाटली तिसऱ्या दिवशीच संपली!

माझं डोकंच फिरलं. रिकामी बाटली घेऊन कामोठ्यातल्या आमच्या मेडिकलवाल्या काकांकडे गेलो. "काका, कंपनी माल कमी भरते. मापातलं मला कळतं."

काका शांतपणे म्हणाले, "औषध देता कशानं?"

"चमच्यानं. रोज मीच देतो, एक थेंब सांडत नाही."

"तो चमचा घेऊन या."

नेला. आमचा पोहे खायचा चमचा. काकांनी सिरिंजने त्यात पाणी सोडलं. पाच एमएलला चमचा अर्धाच भरला, दहाला काठोकाठ.

"बाटली बरोबर हाय," काका बोलले, "चमचा मोठा हाय. बाटलीवर मापाचं झाकण होतं, ते कुठं गेलं?"

म्हणजे रेवाला दर वेळी दुप्पट औषध गेलं होतं! तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "घाबरू नका, तिला काही होणार नाही. पण आता चमच्याला हात लावू नका."

झाकण मीच पहिल्या दिवशी रेवाला भातुकलीसाठी दिलं होतं. घरी पोचलो तर बाईसाहेब त्यात पाणी भरून बाहुलीला पाजत होत्या. मी झाकण घ्यायला हात पुढे केला, तर म्हणाल्या,

"बाबा, हलवू नका ना! रेघेपर्यंतच द्यायचं असतं."