खांबाचं बेसिन

आमच्या साडूएवढा हुशार माणूस अख्ख्या बसवकल्याणात न्हाई, असं तो स्वतःच सांगायचा. नवं घर बांधलं तेव्हा सोलापूरहून खांबावरचं पांढरं बेसिन आणलं आणि मिस्त्रीला हात लावू दिला न्हाई. "तुमाला काय कळतंय यातलं?" म्हणत स्वतःच बसवलं. खालचा पाइप अडगळ म्हणून फेकून दिला.

त्याच्या बायकोनं विचारलं, "व्हय हो, मग सांडपाणी कुठून जानार?"

"खांब पोकळ कामून असतोय? त्यातूनच जातंय. अडाण्यावानी बोलू नगंस."

घरभरणीला जेवणं झाली. साडूनं सगळ्या पावण्यांदेखत आमच्या सासऱ्यांना बेसिनापाशी नेलं. "अप्पा, पयला मान तुमचा. हात धुवा."

अप्पांनी नळ सोडला. सगळं खरकटं पाणी खांबाखालून भळाभळा त्यांच्याच पायावर आलं. मागं पावणे तोंडाला पदर आन् रुमाल लावून उभे.

तरी हा गडी म्हणायलाय, "अप्पा, मालच खोटा दिलाय बगा दुकानदारानं!"

अप्पांनी धोतर जरा वर धरलं आणि शांतपणे म्हणाले, "असू द्या, जावईबापू. लग्नात मी तुमचे पाय धुतलो, आज तुमी माजे धुतलाव. फिटंफाट झाली!"