नऊशे सत्त्याण्णव तास

नाव व पत्ता: पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत सकाळीच लिहून दिला आहे. वय: ६१ वर्षे. शिक्षण: इलेक्ट्रॉनिक्सची पदवी. धंदा: लहान उपकरणांना लागणारे क्वार्ट्‌झचे ऑसिलेटर आखणे व तयार करून घेणे.

विचारल्यावरून मी समक्ष हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी माझ्या पतींसह राहते. राहते घर दुसऱ्या मजल्यावर असून तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत माझे काम चालते. पतींचे वय ६६. ते वीज खात्यातून मीटर-रीडर म्हणून निवृत्त झाले आहेत. गल्लीत त्यांना सर्वजण रीडिंगकाका म्हणतात. माझ्या धंद्याशी त्यांचा कागदोपत्री काही संबंध नाही.

ऑसिलेटर म्हणजे काय, असे अंमलदारांनी विचारले म्हणून लिहून देते. कोणत्याही उपकरणाला काम करायला आतून एक ठेका लागतो. तो क्वार्ट्‌झच्या पातळ चकतीच्या कंपनातून मिळतो. मी आखलेला भाग दीड मिलिमीटर लांब आणि एक मिलिमीटरहून किंचित जास्त रुंद आहे. त्याला पाय नसतात, तो बोर्डावर थेट डकवतात. चिनी मातीची बारीक वाटी, तिच्यात चकती, वर धातूचे झाकण, आत हवा नाही. चकती वाटीत फक्त दोन ठिपक्यांवर चिकटवून धरलेली असते. ते ठिपके कुठे द्यायचे हे ठरवण्यात माझी दोन वर्षे गेली. अंमलदार म्हणाले, "एवढ्याशा वस्तूला दोन वर्षं?" मी सांगितले की एवढीशी आहे म्हणूनच दोन वर्षे. मोठी असती तर सहा महिन्यांत झाली असती.

हा भाग लहान मुलांच्या कानात बसणाऱ्या श्रवणयंत्रासाठी आहे. यंत्र बनवणाऱ्या कंपनीची अट अशी की, तो माणसाच्या अंगावर सलग एक हजार तास चालवून पाहावा आणि अहवाल येत्या सोमवारी द्यावा. अहवाल न मिळाल्यास ते दुसरीकडचा मोठा भाग घेणार आणि मुलांचे यंत्र त्या मानाने मोठे होणार. मध्ये बंद पडल्यास तास पुन्हा शून्यापासून मोजतात, कारण एकदा थांबलेली चकती परत सुरू झाल्यावर नेमकी पूर्वीच्याच वेगावर येत नाही.

मी दिवसभर मायक्रोस्कोपपाशी बसून असते. माझ्या अंगावर चालवून उपयोग नव्हता. पती रोज सकाळ-संध्याकाळ मिळून सहा किलोमीटर चालतात, म्हणून डबा त्यांच्या कमरेला बांधला. डब्यात आठ ऑसिलेटरांचा बोर्ड, बॅटरी आणि दर मिनिटाला नोंद करणारे यंत्र आहे. बाहेर एक हिरवा दिवा असून दोन वायरी निघतात. त्यांच्या टोकाला तापमापक आहे, तो शर्टाच्या आत अंगाला चिकटवायचा असतो. जप्त केलेली वस्तू ती हीच. तिच्यात स्फोटक काही नाही व कधीही नव्हते.

कसोटी बेचाळीस दिवसांपूर्वी रात्री नऊ वाजता सुरू झाली. म्हणजे हजार तास आज दुपारी एक वाजता पूर्ण व्हायचे होते.

या काळात पतींनी डबा कसा सांभाळला, हेही विचारण्यात आले. ते उजव्या कुशीवर झोपत, कारण डबा डाव्या बाजूला असे. बॅटरी बदलताना आधी नवी जोडायची, मग जुनी काढायची. तेवढा वेळ ते श्वास रोखून धरत व मलाही बोलू देत नसत. आंघोळीला जाताना डबा दाराच्या कडीला टांगत आणि आतून दर दोन मिनिटांनी विचारत, "दिवा आहे ना?" मी म्हणत असे, "आहे." मी बाहेर गेलेली असले तर ते माझी वाट पाहत आणि आंघोळ उशिरा करत. शेजारीण त्यांना म्हणाली होती, "काका, कितवा महिना?" त्यावर त्यांनी तिला दिवसांचा नक्की आकडा सांगितला होता.

डब्यावरची चिठ्ठी त्यांच्याच हातची आहे. झालेले आणि उरलेले तास रोज पहाटे पाचला लिहून डब्यावर लावायचे, अशी त्यांची पद्धत होती. मी तसे सांगितले नव्हते.

आज सकाळी आठ वाजता ते फिरायला म्हणून निघाले. मी त्या वेळी खाली कामात होते. त्यांनी खिडकीतून "जाऊन येतो" म्हटले. मी वर पाहिले नाही.

पुढील हकिकत मला ठाण्यात समजली. ते फिरायला न जाता चौकापलीकडच्या दवाखान्यात छातीचा एक्स-रे काढायला गेले. आत जाण्यापूर्वी त्यांनी डबा कमरेचा सोडून बाहेरच्या खुर्चीवर ठेवला, खाली रुमाल अंथरला आणि चिठ्ठीत शेवटी दोन शब्द वाढवले. चिठ्ठीचा पूर्ण मजकूर असा: "हात लावू नये. बंद करू नये. ९९२ तास झाले, ८ उरले. लगेच येतो." नोंदणीच्या टेबलावरच्या मुलीने ही चिठ्ठी वाचली व आरडाओरडा केला. त्यात तिची काही चूक आहे असे मला वाटत नाही. पाचच मिनिटांत दवाखाना रिकामा झाला. पती एक्स-रेच्या खोलीत होते, त्यांना काही ऐकू आले नाही. ते शर्टाची बटणे लावत बाहेर आले तेव्हा तिथे डबा आणि एक हवालदार एवढेच होते.

हवालदारांनी डबा वाळूच्या बादलीत घालून ठाण्यात आणला. ही पद्धत योग्य की अयोग्य, ते माझे क्षेत्र नाही. हवालदार तो उघडू लागले तेव्हा पतींनी त्यांचा हात धरला. याबद्दल मी दिलगीर आहे. हवालदारांनी वयाकडे पाहून तो झटकला नाही, याबद्दल आभारी आहे.

मला फोन आल्यावर मी नऊ वीसला ठाण्यात पोहोचले. पती बाकावर बसले होते. बादली अंगणात होती. त्यांचे पहिले वाक्य असे होते: "दिवा चालू आहे. मी इथून बघतोय."

मी विचारले, "तुम्ही दवाखान्यात काय करत होतात?"

ते म्हणाले, "ते नंतर सांगतो."

अंमलदार म्हणाले, "बाई, काकांना दहा वेळा विचारलं, डबा बाहेर का ठेवला? तुम्हीच ऐका ते काय सांगतात."

पती म्हणाले, "साहेब, एक्स-रेने त्या चकतीचा वेग सरकतो. आमच्या हिनेच सांगितलंय. म्हणून डबा बाहेर ठेवला आणि मी आत गेलो."

हे मी त्यांना सतरा वर्षांपूर्वी जेवताना एकदा सांगितले होते. ते मोठ्या मात्रेच्या किरणांबद्दल होते. छातीच्या एका एक्स-रेने डब्याला काहीही झाले नसते. त्यांनी विचारले असते तर मी सांगितले असते. पण विचारायचे तर एक्स-रेला चाललो आहे हेही सांगावे लागले असते, आणि हजार तास पुरे होईपर्यंत ते सांगायचे नाही असे त्यांनी ठरवले होते.

अंमलदारांनी दोन मार्ग सांगितले. मी त्यांच्यासमोर डबा उघडून बॅटरी काढून दाखवावी, म्हणजे पतींना लगेच सोडता येईल. नाहीतर तपासणीचे पथक येईपर्यंत पतींना ठाण्यात थांबावे लागेल, आणि पथक दुपारी एक-दीडच्या आत येणार नाही. पती लगेच म्हणाले, "एवढंच ना? बसतो की. एक वाजता आमचंही काम होतंय." मीही थांबायचेच ठरवले. हे मी लपवून ठेवत नाही.

दरम्यान डब्याचा उपयोग खरोखर असाच आहे याला पुरावा म्हणून मी घरून आणलेली नोंदवही पुढे केली. तिच्यात तारीख, वेळ, चाल, तापमान आणि शेरा असे रकाने आहेत. शेरे पतींच्या अक्षरात आहेत. अंमलदारांनी मागच्या पंधरवड्याचे पान उघडून मोठ्याने वाचले.

"तीन दहा, खोकला, डबा हलला. चार पस्तीस, खोकला, डबा हलला. जिना चढताना खोकला, दोनदा थांबलो, डबा हलला. काका, हे काय आहे?"

"धक्के लिहायचे असतात," पती म्हणाले. "हिने सांगितलंय, काहीही सोडायचं नाही."

"आणि हे लाल शाईत?"

मी सांगितले की लाल शाई माझी आहे. प्रत्येक खोकल्यापुढे मी "परिणाम नगण्य" असे लिहिले आहे. अशा नोंदी एकूण एकतीस आहेत. खोकल्याचा धक्का जिन्याच्या धक्क्यापेक्षा कमी असतो, असे मी पानाच्या तळाशी गणित करून दाखवले आहे. ते गणित बरोबर आहे.

तापमानाच्या रकान्यात गेले पाच दिवस संध्याकाळी आकडा चढलेला आहे. मी तो पाहिला होता. ऑसिलेटर चढे तापमान चांगले सोसतो आहे, असे मी त्याबद्दल समाधान नोंदवले आहे.

अंमलदारांनी वही मिटली. हवालदारांनी पतींना पाणी दिले.

पतींकडच्या एक्स-रेच्या पाकिटावर शिक्का होता की, डॉक्टर अकरापर्यंतच भेटतील, नंतर थेट तीन दिवसांनी. तो मी वाचला. मग पर्समधला छोटा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन अंगणात गेले, डबा वाळूतून काढला आणि पुसला. पती मागोमाग आले. हवालदारांनी त्यांना अडवले नाही.

"अगं, काय करतेस? तीन तासांचा प्रश्न आहे!"

"अहो, गप्प बसा."

"सोमवारी काय देणार आहेस त्यांना? बेचाळीस दिवस माझे आहेत त्यात."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काही नाही. शर्टाचं वरचं बटण लावा, वारा आहे."

झाकणाचे चार स्क्रू काढून मी अंमलदार व हवालदार यांच्यासमक्ष दहा वाजून सहा मिनिटांनी बॅटरी काढली. दिवा बंद झाला. पतींनी मनगटावरच्या घड्याळात पाहिले. बोर्ड, यंत्र व बॅटरी सुटी करून मी टेबलावर मांडून दाखवली.

त्यानंतर हवालदारांनी आम्हा दोघांना दवाखान्यात सोडले. दहा चाळीसला डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला. डाव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया आहे. दहा दिवसांच्या गोळ्या आणि पूर्ण विश्रांती सांगितली आहे. आणखी तीन दिवस काढले असते तर दाखल करावे लागले असते, असे त्या म्हणाल्या. त्यांनी मला विचारले, "इतके दिवस घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

मी म्हणाले, "आलं होतं. चुकीच्या रकान्यात."

पती त्या वेळी म्हणाले, "तिचं काम बारीक आहे, डॉक्टर. माझा खोकला मोठा आहे." डॉक्टर हसल्या. मी हसले नाही.

मी कंपनीला दवाखान्यातूनच कळवले आहे की कसोटी अपुरी राहिली आणि नव्याने करायची तर बेचाळीस दिवस लागतील. कारण मी घरगुती असे लिहिले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. त्यांनी मुदत दिली अथवा नाही दिली, तरी कसोटी पुन्हा होईल. त्या वेळी डबा माझ्या कमरेला राहील आणि चालणेही मीच करीन. बरे वाटल्यावर बरोबर चालायला पतींना परवानगी आहे. शेरे त्यांनीच लिहावेत, कारण त्यांचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे.

दवाखान्यातून परत ठाण्यात येऊन मी हा जबाब देत आहे. माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही. दवाखान्यातल्या मुलीची मी भेट घेऊन माफी मागितली आहे. डबा सावकाश परत मिळाला तरी चालेल. नोंदीसाठी ठाण्यात ठेवून घेतलेले एक्स-रेचे पाकीट मात्र आजच आणि माझ्याच हाती द्यावे, पतींच्या नको.

हा जबाब अंमलदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. पती शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकत होते. बॅटरी दहा वाजून सहा मिनिटांनी नव्हे तर दहा मिनिटांनी निघाली, अशी त्यांनी हरकत घेतली. त्यांचे घड्याळ बरोबर असते, म्हणून कसोटीचे एकूण तास नऊशे सत्त्याण्णव व मिनिटे दहा असे धरावेत. ही दुरुस्ती मला मान्य आहे. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणेच लिहिले आहे. वाचन चालू असताना पती दोनदा खोकले. त्याची नोंद मी इथे मुद्दाम करून घेतली आहे.

(सही)