नंबराचा दगड

देशातल्या पहिल्याच निवडणुकीला हर्सूलच्या शाळेवर दगडफेक झाली आणि मतदानाला आलेल्या बायकांची रांग क्षणात पांगली. मास्तरांच्या उमाबाई भिंतीआड जाऊन बसल्या. शेजारीच मनकर्णाबाई आणि त्यांची धाकटी जाऊ दबकून बोलत होत्या.

"रजाकारी गेली म्हणून आलो, अन् इथं बी हेच," धाकटी म्हणाली.

"आपण मत देऊ नाय म्हणून कुणीतरी माणसं धाडलीत."

"मग चला घरी."

"अन् नंबर?"

"रांगच ऱ्हायली नाय, आता नंबर कसला?"

"माझा हाय. पळताना जागेवर दगड ठिवलाय."

"कुठला दगड?"

"त्यांनीच फेकलेला. दुष्काळात आडावर पाणी झिरपंस्तोवर आपण दगडच ठिवतो की नंबराला. हलवतंय व्हय कुणी?"

"अन् माझा?"

"तुझाबी ठिवला. माझ्यामागं, चपटा."

दगड यायचे थांबले. दोघी पदर झटकून उठल्या आणि आपापल्या दगडाशी जाऊन उभ्या राहिल्या. उमाबाई लगबगीनं मागोमाग आल्या.

"मनकर्णाबाई, मी तुमच्या पुढं होते."

"व्हय, व्हतात की. दगड कुठाय तुमचा?"

"मी नाही ठेवला."

"मग थांबा जरा, मास्तरीणबाई. फेकतील अजून."